झेंड्याच्या पुढची गोष्ट

अण्णा,

खंडेनवमी झाली. तुमच्याशिवाय झाली, हे आता लिहायला बसल्यावर नीट कळतंय. त्या दिवशी कळलं नव्हतं. त्या दिवशी मी सारखी पाराच्या मागं बघत होते, तुम्ही चप्पल कुठं काढली म्हणून. दरवर्षी तुम्ही ती मारुतीच्या मागच्या अंगाला काढायचा आणि कार्यक्रम झाला की दुसऱ्याच कुणाची तरी घालून घरी जायचा. यंदा कुणाची चप्पल हरवली नाही.

पेपरात तुमच्यावर चार ओळी आल्या होत्या. सेवानिवृत्त शिक्षक, मनमिळाऊ स्वभाव, पश्चात पत्नी आणि मुलगा. मी काकूंना वाचून दाखवलं. डोळ्याला पदर लावूनच त्या म्हणाल्या, "मनमिळाऊ कोण गं? दुसऱ्या कुणाचं तर वाचायली न्हाईस?" मग आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता पुन्हा रडलो. त्या चार ओळींत बेटावाला कुठंच नव्हता. तुमच्या आयुष्यातनं बेटावाला काढला तर काय राहतं, ते त्या बातमीवाल्याला कोण सांगणार?

त्याचं खरं नाव तुम्ही कधी सांगितलं नाही. "लोकांच्या जिभंवर बसंना," म्हणायचा. गावानं त्याला बेटावाला म्हटलं आणि तेच नाव राहिलं. मीही इथं तेच लिहिते. गोष्टसुद्धा तुमच्याच शब्दांत सांगते, म्हणजे तुम्हाला मधे तोंड घालायला जागा नको.

"समुद्राच्या पार, अमेरिकेच्या पोटाखाली, बेटं हायत. मूठभर भुईमूग सांडावा तशी. त्यातल्या एका बेटावर जिकडं बघावं तिकडं ऊस. जमीन गोऱ्याची, साखर गोऱ्याची, घाम काळ्याचा. काळी माणसं कमी पडाया लागली तवा गोऱ्यानं आपल्याकडची माणसं जहाजात घालून तिकडं न्हेली. कशाला? ऊस तोडायला. म्हंजे मुकादम तवाबी हुताच." इथं सगळे हसायचे, मुकादम सगळ्यात मोठ्यानं. "त्या बेटावर एका धुणंवालीच्या पोटी ह्यो जन्मला. डोक्यानं तेज. शिकला, बोटीनं इंग्लंडला गेला, मोठा साहेब होऊन वापस आला. पण बंगल्यात बसायचं सोडून त्यो बाजारात एका लाकडी खोक्यावर उभा ऱ्हायला, अन् बोलाया लागला. लोकं हातातल्या पिशव्या खाली ठिवून ऐकत बसायची."

मग त्यानं उसातल्या लोकांची संघटना बांधली, संप केला, तुरुंगात गेला. सुटला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन बेटभर फिरवला. आणि शेवटी एके दिवशी गोऱ्यांचा झेंडा उतरला, ह्यांचा चढला, आणि धुणंवालीचं पोरगं बेटाचं पंतप्रधान झालं. इथं तुम्ही थांबायचा. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसायचा. पारावर हळदीकुंकू लावून ओळीनं मांडलेले कोयते असायचे, त्यांच्या मधोमध त्याचा फोटो. कुणीतरी नारळ फोडायचं, मग ज्यानं त्यानं आपापला कोयता कपाळाला लावून उचलायचा आणि घरी जायचं. दसरा झाला की गाड्या भरायच्या. दिवाळी उसाच्या फडात.

ज्याचा ऊसतोडीशी काही संबंध नाही अशा माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. येरमाळ्याच्या अलीकडचं एवढंसं गाव, आणि खंडेनवमीला हत्यारांच्या पूजेत कुठल्या समुद्रापलीकडच्या पुढाऱ्याचा फोटो, झेंडूचा हार घातलेला. त्या हाराचीच तर सगळी भानगड.

मी विद्यापीठात शिकत होते तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत मी एक जाड पुस्तक छातीशी धरून तुमच्या घरी आले होते. आई-बाप फडात होते, त्यामुळं सुट्टीत माझं घर म्हणजे तुमचंच घर. मी दारातनंच ओरडले, "अण्णा, झेंड्याच्या पुढं लई मोठी गोष्ट आहे. तुम्हाला माहीत आहे का?" तुम्ही वर बघितलं नाही. "बस. च्या घे," म्हणालात. तुमचा आवाज ऐकूनच कळलं, तुम्हाला माहीत होतं. कधीपासून माहीत होतं.

गावाला वाटत होतं तसा झेंडा चढला त्या दिवशी बेटावाला मेला नव्हता. त्यानं पुढं कितीतरी वर्षं राज्य केलं. पोरांना शाळा फुकट केली, गावोगाव दवाखाने काढले, रस्ते केले. हे मी कधी नाकारलं नाही, अण्णा, तुम्ही उगाच म्हणायचा की मी नाकारते. पण उसातल्या लोकांनी पुन्हा संप केला तेव्हा तो सरकारात होता. ज्या बाजारात तो खोक्यावर उभा राहिला होता त्याच बाजारात त्यानं सभेला बंदी घातली. फडात पोलीस घातले. तुरुंगात त्याच्या शेजारी बसलेल्या सोबत्याला त्यानं तुरुंगात टाकलं. आणि म्हातारपणी बंगल्यात एकटा बसून राहिला, कुणाला भेटेना, कुणाचं ऐकेना.

"हे का सांगत नाही तुम्ही?" मी विचारलं.

तेव्हा तुम्ही मला हाराची गोष्ट सांगितलीत. तुम्ही गावात नवे मास्तर होता. सोलापूरच्या रद्दीवाल्याकडं एका इंग्रजी मासिकात तो फोटो तुम्हाला सापडला होता, उसाच्या फडाच्या कडेला उभा राहून बोलणारा माणूस आणि समोर कोयते घेतलेली माणसं. तुम्ही तो फ्रेम करून घेतलात आणि खंडेनवमीला लोकांना दाखवायला म्हणून पारावर टेकवून ठेवलात. पूजा चालू होती. एक नवी सून हार घेऊन कोयत्यांपाशी आली, एक हार जास्तीचा झाला, तो तिनं फोटोला घातला. तिला वाटलं, इथं आहे म्हणजे देवाघरी गेलेलाच असणार. सगळ्यांनी हात जोडले. त्या साली तुम्ही गोष्ट झेंड्यापर्यंत आणलीत आणि पुढं बोलता येईना.

"त्यो जित्ता हुता गं," तुम्ही म्हणालात. "त्या टायमाला तिकडं सरकारी बंगल्यात जेवत बसला आसल. आन् हितं त्याच्या फोटूला हार."

"मग सांगायचं ना."

"नव्या सुनंला भर गावात म्हणू, बाई, जित्या माणसाला हार घातलास? लाजंनं मेली आसती. म्हणलं पुढच्या साली सांगू. पुढच्या साली लोकांनी नारळ आणला. तिसऱ्या साली नवस बोलाया लागली. आता काय सांगतीस?"

मी विचारलं, कोण होती ती सून. तुम्ही म्हणालात, "तुजी आय."

त्या दिवशी मी हरले. पण एकाच दिवसापुरती. त्यानंतर आपण किती वर्षं भांडलो असू त्याचा हिशोब नाही. मी कॉलेजात नोकरीला लागले, धाराशिवला घर केलं, पोरं झाली, आणि दर सुट्टीला मोटरसायकलवर मागं बसून तुमच्याकडं यायचे ते भांडायलाच. नवरा म्हणायचा, "तुला अण्णाकडं सोडलं की मी तोवर शेजारच्या गावात एक लग्न उरकून येतो." काकू चहा ठेवून जायच्या आणि आपण दोघंही तो पीत नव्हतो. "त्या बेटावाल्याचं काय व्हायचं ते हू द्या," काकू आतनं म्हणायच्या, "च्या गार व्हायलाय त्याचं बघा."

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. "आपली लोकं सहा म्हयने परक्याच्या फडात राबत्यात. पाचटाच्या खोपीत निजत्यात. तिथं त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट हाय, की आपल्यातलाच एक माणूस कवातरी झेंडा चढवून गेला. आता मी त्यांना सांगू, की बाबांनो, जो आपला म्हणावा त्योच पोलीस घालतो? मग ह्यांनी कुणाकडं बघून जायाचं? मुकादमाला तर आयतंच घावंल. समदेच चोर, म्हणून त्यो मोकळा."

आणि माझं म्हणणं तुम्हाला पाठ होतं. "तुम्ही त्यांना पोरं समजता. अर्धी गोष्ट सांगून निजवता." हे मी एकदा फार जोरात बोलले. तुम्ही तोंड फिरवलंत. त्यानंतर बरेच दिवस तुम्ही मला 'बाई' म्हणत होता. "या बाई. बसा बाई." तुम्ही मला बाई म्हटलं की मला शाळेत मार खाल्ल्यासारखं व्हायचं. तुम्हाला ते माहीत होतं, म्हणून तर म्हणायचा.

एवढं भांडले मी तुमच्याशी, पण एक गोष्ट कधी बोलले नाही. आता बोलते.

मी दुसरीत होते त्या साली आई-बापानं मला पहिल्यांदा मागं ठेवलं. तोवर मी दर सालाला गाडीत बसून फडात जायचे आणि परत येईपर्यंत शिकलेलं विसरून जायचे. तुम्ही माझ्या बापाशी भांडलात. काय भांडलात ते मला माहीत नाही, पण गाडी निघाली तेव्हा मी खाली होते आणि माझा हात तुमच्या हातात होता. आईनं वरनं एकदाच बघितलं आणि मग गाडीत पाठ करून बसली. मी इतकं रडले की मला उलटी झाली. तुमच्या धोतरावर. घरी आणलंत, काकूंनी अंघोळ घातली, केस विंचरले, गूळ-भाकरी दिली. मग तुम्ही भिंतीवरचा नकाशा खाली काढून जमिनीवर पसरलात. "आय कुठं हाय? हितं, कोल्हापूरच्या अंगाला. ठेव बोट." मी बोट ठेवलं. "आन् आपण हितं. किती लांब हाय? एक बोट. एका बोटावरनं कुणी हरवतंय व्हय?"

त्या हंगामात रोज संध्याकाळी मी नकाशावर बोट ठेवून आईला शोधायचे. टोळी दुसऱ्या फडावर गेल्याचा निरोप आला की तुम्ही माझं बोट सरकवायचा. बेटही तुम्ही मला तेव्हाच दाखवलंत. पुढं मी भूगोल घेतला नाही, राज्यशास्त्र घेतलं, यावर तुम्ही नाराज होता. पण मी जे काही शिकले ते त्या जमिनीवर पसरलेल्या नकाशावर. अण्णा, तुम्ही नसता तर मीही आज फडात असते, हातात कोयता आणि पाठीला पोर. हे मला रोज आठवतं. रोज आठवतं आणि मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. तुमच्यासमोर आले की तोंडातनं भांडणच बाहेर यायचं. तुम्हाला तेच समजायचं, असं मी स्वतःला सांगत आलेय. समजायचं ना?

सोलापूरच्या दवाखान्यात तुम्ही शेवटी होता तेव्हा तुमचा आवाज खोल गेला होता. काकू खाली औषध आणायला गेल्या होत्या. तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं पाणी हवंय.

"खंडेनवमीला तू सांगायचं," तुम्ही म्हणालात.

"तुम्हीच सांगाल. आधी बरे व्हा."

"मला खुळ्यात काढू नको. तू सांग. पण झेंड्यापातूर."

मी तुमची चादर सारखी केली.

"झेंड्यापातूरच. व्हय म्हण."

मी म्हटलं, "बघू."

"बघू न्हाय. व्हय म्हण."

मी तुमच्या ओठाला पाण्याचा चमचा लावला. तुम्ही पाणी प्यायलात, पण डोळे माझ्यावरनं हलवले नाहीत. मी व्हय म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. मग काकू आल्या, आणि नंतर तुम्ही बोलायच्या स्थितीत राहिला नाहीत. मरणाऱ्या माणसाला व्हय म्हणायला काय जातं, असं मला नंतर दोघा-तिघांनी सांगितलं. जातं. तुमच्याशी तरी मला खोटं बोलता येत नव्हतं.

तेराव्याला रुक्मीणबाई आली होती. तुम्हाला आठवतच असेल, मांगाच्या ओढ्याकडंची, माझ्या आईच्या टोळीत होती, आता स्वतःची सून घेऊन जाते. काकूंजवळ बसली आणि तांदूळ निवडायला लागली. मग जाताना मला म्हणाली, "औंदा खाड्याचं कायतरी बोलावं लागतंय. पण खंडेनवमी झाल्यावर बघू. अण्णाचा दिवस हाय त्यो." तुम्हाला खाडा सांगायला नको. आजारी पडून दिवस बुडाला तरी मुकादम पैसे कापून घेतो, तो खाडा. गेल्या हंगामात तिच्या सुनेला ताप होता, पण खाड्याच्या भीतीनं ती उसात उभी राहिली आणि तिथंच पडली. पोटातलं बाळ गेलं. रुक्मीणबाईनं हे एवढ्याच आवाजात सांगितलं, तांदूळ निवडतानाच्या आवाजात.

मग आली खंडेनवमी.

काकूंनी तुमचा फोटो स्वतः आणला. तोच, निवृत्तीच्या दिवशीचा, ज्यात तुम्ही फोटोवाल्यावर चिडलेले दिसता. बेटावाल्याच्या शेजारी ठेवला. दोघांना सारखेच हार. मला वाटलं होतं मी बघू शकेन, पण त्या हारातला तुमचा चेहरा मला बघवेना. रुक्मीणबाईनं दंडाला धरून मला पारावर बसवलं. कोयते ओळीनं मांडलेले, बायकांचे एकीकडं, गड्यांचे एकीकडं. पाराखाली अख्खा गाव.

मी ठरवून आले होते, झेंड्यापर्यंतच सांगायचं. देवाशप्पथ. तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्याच खंडेनवमीला तुमचं मन मोडायचं नाही. मी तुमच्याच शब्दांत सांगितलं. मुकादमाच्या जागी सगळे हसले. खोक्याच्या जागी गप्प झाले. झेंडा चढला. मी थांबले. चष्मा नाही मला, म्हणून पदरानं नाक पुसलं.

तेवढ्यात भागवत मुकादम उभा राहिला. माणूस वाईट नाही, तुम्हीच म्हणायचा, बापापेक्षा बरा. त्यानं हात जोडले, तुमच्या फोटोला नमस्कार केला आणि लोकांकडं वळला.

"अण्णांनी जलमभर एकच शिकिवलं. एकाच्या मागं ऱ्हावा. बेटावाल्याच्या मागं लोकं मुकाट ऱ्हायली म्हणून झेंडा चढला. आपुनबी तसंच. आपल्यातला एक म्होरक्या धरायचा आन् त्यो सांगंल ते ऐकायचं. कोण खाड्याचं काढायलंय, कोण कशाचं काढायलंय, असलं फाटे फोडायचं न्हाय. अण्णाच्या आत्म्याला शांती मिळंल."

माणसं माना हलवायला लागली. अण्णा, ती तुमचीच गोष्ट होती, झेंड्यापर्यंतची, आणि ती तुमच्या फोटोसमोर त्याच्या कामाला आली होती. मी रुक्मीणबाईकडं बघितलं. ती खाली बघत होती. तिची सून तिच्या मागं बसली होती.

मी म्हटलं, "भागवतराव, बसा. गोष्ट संपली नाही."

आणि मी सांगितलं. सगळं सांगितलं. तो तेव्हा मेला नव्हता, हे सांगितलं, तेव्हा पाराखाली कुणीतरी "आँ?" केलं. शाळा सांगितल्या, दवाखाने सांगितले. बाजारातली बंदी सांगितली, फडातले पोलीस सांगितले, तुरुंगातला सोबती सांगितला. अर्ध्या लोकांची नजर बेटावाल्याच्या फोटोवर होती, अर्ध्यांची तुमच्या. मला वाटलं, आता कुणीतरी उठून म्हणेल, अण्णानं आम्हाला फसवलं. तसं कुणी म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. हार तर माझ्या आईनं घातला होता. तेही सांगितलं.

मुकादम पुन्हा उभा राहिला. आता तो हसत होता. "घ्या. म्हंजे समदे नेते सारखेच. उगं कुणाच्या नादी लागून कामावरनं उठायचं, आन् शेवटाला काय? पोलीस. त्यापरीस गप आपलं काम करावं."

तुम्ही हेच म्हणाला होतात ना? शब्दन् शब्द. अर्धी सांगितली तरी त्याची, पूर्ण सांगितली तरी त्याचीच. मी पारावर बसले होते आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच होतं, की अण्णा बरोबर होते, आणि आता हे सांगायला अण्णा नाहीत.

तेव्हा रुक्मीणबाई बसल्या जागेवरनं बोलली. "त्याचं ऱ्हाऊ द्या. पोलीस आल्यावर उसातल्या लोकांनी काय केलं?"

अण्णा, आपण इतकी वर्षं भांडलो. तो चांगला का वाईट, त्यानं असं का केलं, त्याचं काय सांगावं, काय झाकावं. त्याच्यावरची इतकी पुस्तकं मी तुम्हाला आणून दिली. आणि हा प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नाही, मीही तुम्हाला नाही.

"मला माहीत नाही, रुक्मीणबाई," मी म्हटलं.

"अण्णाला म्हाईत हुतं?"

"नाही."

तिनं सुनेकडं वळून बघितलं. मग म्हणाली, "म्या आसते तर कोयता खाली ठिवला आसता. पुन्यांदा. त्यानंच तर शिकिवलं हुतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नारळ फुटला, खोबरं वाटलं. गडी उठले, आपापला कोयता कपाळाला लावून निघाले. रुक्मीणबाई उठली, तिनं कोयत्याला नमस्कार केला आणि तो तिथंच ठेवून सुनेचा हात धरून घराकडं चालायला लागली. सुनेनंही आपला कोयता उचलला नाही. मग एकेक करून बाकीच्या बायकाही तशाच गेल्या. भागवत मुकादम म्हणाला, "आगं, उचला की. पूजा झाली." रुक्मीणबाईनं वळून नुसतं सांगितलं, "खाड्याचं बोलणं हुस्तोवर ऱ्हाऊ द्या तिथंच."

दसरा झाला. गाड्या येरमाळ्याच्या रस्त्याला लागून उभ्या आहेत. मुकादम रोज एकदा रुक्मीणबाईच्या दारात येऊन जातो. काही गडी तिच्यावर चिडलेत, काही रात्री बायकोचं ऐकून सकाळी गप्प बसतात. काय होईल मला माहीत नाही. कदाचित परवा सगळ्या जणी कोयते उचलून गाडीत बसतील. पण आज संध्याकाळी मी पारावर जाऊन आले, आणि बायकांच्या बाजूचे कोयते ओळीनं तिथंच आहेत.

झेंड्याच्या पुढं गेले मी, अण्णा. तुम्ही नको म्हणाला होतात. रागवायचं असेल तर रागवा, बाई म्हणायचं असेल तर म्हणा. पण हे असं न ऐकणं मी दुसऱ्या कुणाकडनं शिकले नाही.